पाण्याचा दिवस

"माणूस येऊन राह्यलाय गं, माणूस," असं ओरडत, झाडूची दांडी जिन्याच्या कठड्यावर आपटत कांताबाई पुढे आणि खांद्याला पिशवी लावलेला नेटवाला गुलाम नबी मान खाली घालून तिच्या मागे, अशी वरात मुलींच्या वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजायला आला होता. अंबडच्या त्या वसतिगृहात पुरुष माणूस वर न्यायचा तर हीच रीत होती. दांडी वाजली की दारं लागायची, दोरीवरचे कपडे आत जायचे. गुलाम नबीचं वय सत्तावन्न, दाढी पांढरी, तरी कांताबाईनं रीत कधी सोडली नाही आणि त्यानंही कधी मनाला लावून घेतलं नाही.

अकरा नंबरच्या खोलीत सुमेधा लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, की नुसत्या बघण्यानं तो थांबेल.

"सकाळी नऊपर्यंत चांगलं चाललं होतं, काका. मंग जे बसलं ते बसलंच."

"किती वाजता हाय तुमचं?"

"तीनला."

तीनला सुमेधाची मुलाखत होती. फार्मसीचं शेवटचं वर्ष, पुण्याकडची औषधाची कंपनी, आणि घनसावंगीकडच्या तिच्या गावातून अशा नोकरीपर्यंत पोहोचणारी ती पहिलीच. खरं तर मुलाखत एकदा होऊन गेली होती. आठ दिवसांपूर्वी. त्या दिवशी खोलीत नेट चालेना म्हणून ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. पाठीमागून मुली बादल्या घेऊन जात होत्या, न्हाणीघरातून हाका चालल्या होत्या. समोरचे साहेब दोनदा म्हणाले, बंद खोलीत बसा. ती खोलीत आली आणि पडद्यावर तिचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. चार दिवसांनी कंपनीचा फोन आला, की आणखी एकदा घेऊ. बंद खोली पाहिजे, शांतता पाहिजे, चेहरा नीट दिसला पाहिजे. यानंतर मात्र नाही.

गुलाम नबीनं आपल्या मोबाइलवर नेटचा वेग मोजला. दीड एमबी. मग तो माडीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं जिना आणि न्हाणीघरं होती, आणि त्यांच्या अंगच्या कोनाड्यात विजेच्या बोर्डाखाली राउटर. तिथं मोजला तर नव्वद. राउटर बंद करून चालू केला, पिन काढून फुंकर मारून पुन्हा लावली, मोबाइलवर कसल्या कसल्या खुणा बदलल्या. परत अकरा नंबरमध्ये येऊन मोजला. पावणेदोन.

"चालू तर फर्स्टक्लास हाय," तो कपाळ पुसत म्हणाला. "हितवर येऊस्तोवर मरून राह्यलं."

एवढ्यात रेक्टर बेबीनंदा मॅडम वर आल्या. त्यांचं निदान तयारच होतं. त्यांच्या मते वसतिगृहातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ मुलींच्या मोबाइलात होतं, केस गळण्याचंसुद्धा. त्या दारोदार हिंडल्या, एकेकीला समोर उभं करून नेट बंद करायला लावलं. एकेचाळीस मोबाइल बंद झाले. गुलाम नबीनं मोजलं, दोन. मॅडमना मनापासून वाईट वाटलं.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही, पण जो शोधावा तो पुढे जाऊन बंद व्हायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये बसावं, तर तिथं बारावीचं परीक्षा केंद्र आणि दाराला सील. मोबाइलचं नेट घ्यावं, तर खोलीत सिग्नलची जेमतेम एक दांडी. राउटरपासून खोलीपर्यंत वायर ओढावी, तर सुमेधानं मैत्रिणीचा मागून आणलेला लॅपटॉप इतका पातळ, की त्याला वायर घालायची जागाच नव्हती. राउटरच उचलून इकडं आणावा, तर गुलाम नबी म्हणाला, "वायरीत काच राह्यते. ओढली की तुटली. जोडायची मशीन जालन्याला हाय, ती सोमवारी भेटंल."

कांताबाई हे सगळं दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचं इथं काम नव्हतं. पण सकाळपासूनचं तिचं खरं काम आटोपलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं, म्हणून ती जरा सैलावली होती. आज पाण्याचा दिवस होता.

नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं. ते तासभर यायचं, कधी पाऊण तास. त्या तासाभरात कांताबाई दुसरी कुणीतरी व्हायची. पदर खोचून, नळी खांद्यावर टाकून ती जिना चढायची आणि न्हाणीघराच्या अलीकडे, विटांच्या उंच ओट्यावर दोन ओळींत उभे केलेले नऊ निळे ड्रम एकामागून एक काठोकाठ भरायची. मग झाकणं लावायची, कड्या घालायची, झाकणाला आणि खालच्या तोटीला कुलपं लावायची. ड्रमच्या बाजूनं बादली घेतलेली एक मुलगी जाईल एवढीच वाट राहायची. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. आठ दिवसांत मुलीमागं दोनच बादल्या. तिसरी मागायला रेक्टरसुद्धा बिचकायच्या. पोरी पाठीमागं तिला धरणमंत्री म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हे ड्रम तिनंच आणले होते. तेरा साली दुष्काळ पडला, पाणी तीन-तीन आठवडे येईना, तेव्हा तेव्हाच्या रेक्टरनं परीक्षा तोंडावर असताना वसतिगृह रिकामं करायचं ठरवलं. कांताबाईनं जिनिंगवाल्याकडून हे नऊ ड्रम मागून आणले, राखेनं घासले, टँकरमागं पळून पळून भरले. त्या वर्षी एकही पोरगी परीक्षा सोडून घरी गेली नाही. आपल्या हातून आयुष्यात एक काम झालं, असं तिला वाटायचं ते हेच. ते कुणी बोलून दाखवत नसे, पण ड्रम उभे होते.

"ह्या पोरींची तक्रार बी अजबच," गुलाम नबी मोबाइल चाळत म्हणाला. "तक्रार येती, मी चार-पाच दिसांनी येतो, तर बराबर चालू. मला वाटायचं पोरी उगंच कागाळ्या करून राह्यल्या. हे बघा ना. जानेवारीची एकोणीस. मंग सत्तावीस. मंग चार तारीख, मंग बारा. आन् आज वीस."

कांताबाईचं बोट आपोआप दुसऱ्या हाताच्या पेरांवर चढलं होतं. ते मध्येच थांबलं.

"परत सांगा बरं, गुलामभाई."

त्यानं परत सांगितल्या. ती झाडू-फिनेलच्या कोठीकडे गेली. कोठीच्या दारामागं एक कॅलेंडर होतं. दर पाण्याच्या दिवसाला तिनं निळ्या पेनानं गोल केला होता. एकोणीस. सत्तावीस. पान उलटलं. चार. बारा. वीस, आज सकाळीच केलेला.

हे आणखी कुणाला ठाऊक नव्हतं. रेक्टर मोबाइलला दोष देत होत्या, गुलाम नबी वायरीला, सुमेधा नशिबाला. कांताबाई गप्प बसली असती तर तिला कुणी काही विचारलं नसतं. एवढ्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतंच. मोह झाला तिला, नाही असं नाही. मग तिनं खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि बाहेर आणून गुलाम नबीच्या हातात दिलं.

"पाणी आलं की तुमचं नेट बसतं," ती म्हणाली. "पाणी सरत आलं की उठतं. बघा तुम्हीच."

गुलाम नबीनं कॅलेंडर पाहिलं, मोबाइल पाहिला. मग उठून ड्रमपाशी गेला. ड्रमच्या पलीकडं, कोनाड्याच्या बाजूला उभा राहिला: नव्वद. अलीकडं येऊन ड्रमला पाठ लावून उभा राहिला: सहा. असं त्यानं तीनदा केलं. मग तो ओट्याच्या कडेला टेकला.

"पाणी पिऊन राह्यलं नेटला," तो हळूच म्हणाला. "भिंतीतून निघतं थोडंफार, पण भरल्या पाण्यातून न्हाई निघत. आन् हे तर डोक्याएवढं पाणी, दोन रांगा. गलती माझी हाय, कांताबाई. राउटर हितं मीच लावला. तीन साल झाले. लावला तवा ड्रम रिकामे व्हते."

"सरकवता येतील का?" सुमेधानं विचारलं.

गुलाम नबीनं एका ड्रमला खांदा लावून पाहिला. दोनशे लिटर पाणी जागचं हललं नाही. "रिकामे केले तर..." असं बोलून गेला आणि त्यानं लगेच जीभ चावली.

"छे, छे," बेबीनंदा मॅडम म्हणाल्या. "साठ मुली आहेत. आठ दिवस काय प्यायचं आणि काय करायचं? एकीसाठी साठ जणींना कोरडं ठेवता येत नाही." आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं.

इंटरव्ह्यूसाठी मागून आणलेला निळा कुर्ता सुमेधानं सकाळपासून दाराच्या खिळ्याला टांगून ठेवला होता. तो तिनं काढला आणि त्याची घडी घालायला लागली. ती घडी कांताबाईनं पाहिली.

अशीच घडी घालताना तिनं एकदा मोनालीला पाहिलं होतं. मोनाली म्हणजे तिची लेक. तेरा सालचीच गोष्ट. मोनालीचं नाव नर्सिंगच्या यादीत राखीव होतं, जागा झाली तर फोन येणार होता. घरी फोन नव्हता म्हणून कांताबाईनं वसतिगृहाचा नंबर दिला होता. जिन्याखाली ठेवलेला तो काळा फोन तेव्हा गुलाम नबीच दुरुस्त करायचा. दहा दिवस कांताबाई त्या फोनच्या आसपास झाडत राहिली. अकराव्या दिवशी टँकर आला. ती ड्रम भरत होती. खाली फोन वाजला, तिनं ऐकला. पण नळी हातात होती, ती सोडली तर नंबर जाणार होता, पाणी जाणार होतं. एवढा ड्रम होऊ दे, असं म्हणत ती थांबली. फोन तीनदा वाजला. संध्याकाळी लेक चौकशीला गेली तेव्हा जागा दुसरीला दिली होती. मोनालीनं प्रवासासाठी काढलेला ड्रेस घडी करून पेटीत ठेवला. ती आईला एक शब्द बोलली नाही, पुढे लग्न होऊन धावड्याला गेली तरी कधी बोलली नाही. आता तिला दोन लेकरं आहेत, सोयाबीन-कपाशीच्या कामाला जाते, आठवड्यातून एकदा फोन करते. आणि फोन करताना पहिलं वाक्य ठरलेलं, "माय, आज पाण्याचा दिवस न्हाई ना?" पाण्याच्या दिवशी आई फोन उचलत नाही हे तिला माहीत. ती ते सहज विचारते. कांताबाईला ते दर वेळी लागतं.

कांताबाईनं कमरेचा जुडगा सोडला.

"किती वाजले?"

"दोनला दहा कमी," गुलाम नबी म्हणाला.

तिनं पहिल्या ड्रमची कुलपं काढली, झाकण उचलून भिंतीला उभं केलं. मग दुसऱ्याचं. मॅडम "कांताबाई, कांताबाई" म्हणत राहिल्या. नऊही ड्रम उघडे पडल्यावर तिनं झाडूची दांडी उचलून कठड्यावर आपटली.

"पोरींनो, भाईर या. बादल्या, टोपली, कुकर, जे असंल ते भरून घ्या. पिण्याचं आधी भरा, ते खाटंखाली ठिवा, चांगलं झाका. मंग केस धुवा. चादरी धुवा. जिला जेवढं पायजे तेवढं न्या. जल्दी करा."

पहिल्यांदा कुणीच हललं नाही. धरणमंत्र्याच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते. सात नंबरमधल्या लायबानं भीत भीत विचारलं, "मावशी, खरंच? तिसरी बादली बी?"

"दहावी बी ने. तीनच्या आत हे रिकामे झाले पायजेत. त्या सुमीचा विंटरव्यू हाय."

मग जे सुरू झालं ते त्या माडीनं कधी पाहिलं नव्हतं. ड्रमांच्या नऊही तोट्या सोडल्या. वरून तांबे बुडत होते, खालून बादल्या लागत होत्या. खोल्यांतली पिण्याची भांडी भरली, घमेली भरली, एकीनं तर पेढ्यांचा रिकामा डबा भरून घेतला. न्हाणीघरांत ओळीनं केस धुणं चाललं. महिना-महिना न धुतलेल्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे निघाले. पोरी हसत होत्या, आणि एवढं पाणी एका दुपारी अंगावर घेताना दोघी-तिघी उगाच घाबरल्याही होत्या. मॅडम थोडा वेळ तोंड पाडून उभ्या राहिल्या. मग खाली जाऊन आपली बादली घेऊन आल्या.

गुलाम नबी अकरा नंबरच्या दारात मोबाइल धरून उभा होता आणि आकडे ओरडत होता. "चार... चारच हाय अजून... नऊ... थांबा, चौदा." ड्रमातलं पाणी निम्म्याखाली गेलं तसे आकडे वर चढायला लागले. "सव्वीस. एकतीस. कांताबाई, मागची रांग जरा जल्दी." कांताबाई ओट्यावर चढून तळाचं पाणी तांब्यानं उपसत होती. राखून ठेवलेलं पाणी आठ दिवस पुरतं. वाटलेलं चार दिवसांत जातं. हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तिचा हात तरी थांबत नव्हता. तीनला सात मिनिटं कमी असताना आवाज आला, "बावन्न. बास."

सुमेधानं कुर्त्याची घडी मोडली. दार लागलं.

कांताबाईनं पालथी बादली दारासमोर ठेवली आणि त्यावर बसली. ओल्या केसांना पंचे गुंडाळलेल्या पोरी पावलांचा आवाज न करता जात-येत होत्या. कुणी कुजबुजलं तर ती नुसतं बघायची. आतून सुमेधाचा आवाज येत होता. इंग्रजी होतं, कांताबाईला एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज तुटत नव्हता एवढं कळत होतं. एक साहेब विचारायचा, ही सांगायची. पुन्हा विचारायचा, पुन्हा सांगायची. एकदा आत सगळे हसले. चाळीस मिनिटं तो आवाज अखंड वाहत राहिला, आणि पोटच्या पोरीविषयी कुणी चांगलं बोलत असल्यासारखी कांताबाई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

सोमवारी गुलाम नबी जालन्याहून मशीन घेऊन आला. त्यानं राउटर माडीच्या मधोमध, उंचावर लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आता ड्रम भरलेले असोत की रिकामे, नेटला काही फरक पडणार नव्हता. जाताना तो म्हणाला, "एवढं पाणी सोडायला जिगर लागते, कांताबाई."

"कशाची जिगर," ती म्हणाली. "आंघोळीच केल्या पोरींनी."

मंगळवारी पाणी संपलं. पिण्याचं जेमतेम उरलं, बाकी खडखडाट. शुक्रवारच्या चादरी कोणाच्या लक्षात राहणार? न्हाणीघरापाशी कुरकुर सुरू झाली. "मावशी, आधी तर आठ दिवस पुरायचं," लायबा म्हणाली. मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मी तेव्हाच बोलले होते." कांताबाई "व्हय, मॅडम" म्हणाली, आणि दोन बादल्या घेऊन मागच्या गल्लीतल्या हातपंपावर गेली. पंपाला वीस-पंचवीस दांड्या मारल्यावर धार लागायची. दिवसातून पंधरा खेपा. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही.

गुरुवारी दुपारी सुमेधा जिन्यात धापा टाकत आली. "झालं, मावशी. पत्र आलं. एक तारखेपास्नं." तिनं वाकून कांताबाईच्या हातातली बादली धरली. "द्या इकडं. मी नेते."

"बादली राहू दे. घरी सांगितलंस का?"

"न्हाई, आधी तुमच्याकडंच आले."

"मंग आधी आईला फोन लाव. तिला म्हागून कळलं तर बरं दिसत न्हाई. जा."

सुमेधा वर पळाली. कांताबाई दोन्ही बादल्या घेऊन पायऱ्या चढायला लागली. पाऊण जिना चढून झाला होता तेवढ्यात तिच्या कमरेची पिशवी थरथरली आणि मोबाइल वाजायला लागला. आज सातवा दिवस होता, पाण्याचा नव्हता. या वेळेला फोन करणारं माणूस एकच.

वरचा ड्रम चार पायऱ्यांवर होता. एवढ्या दोन बादल्या ओतून मग फोन उचलला असता तरी चाललं असतं; तेवढा वेळ तो वाजला असता. कांताबाईनं बादल्या आहे तिथंच खाली ठेवल्या. घाईत एक पायरीच्या कडेवर टेकली, कलंडली, आणि हातपंपाचं ते पाणी एकेक पायरी उतरत खाली जायला लागलं. तिनं तिकडं पाहिलं नाही. पिशवीची गाठ सोडून फोन कानाला लावला.

"माय, आज पाण्याचा दिवस न्हाई ना?"

"न्हाई गं," कांताबाई म्हणाली आणि ओल्या पायरीवर बसली. "बोल तू. निवांत बोल."